निर्झरतीरींचा एक व्रती

ब्राह्मणाच्या लेखणीनें मासे धरणाराचें स्मरण करावें, हें कांहीं घरांत रुचणार नाहीं. परंतु भागवताच्या एकादश स्कंधांतील अवधूतानें आपल्या चोवीस गुरूंत मासाही गणिला आहे आणि बाण घडविणारा कारागीरही. माशापासून त्यानें जिव्हेचा संयम घेतला, कारागिरापासून एकाग्रता. आजचे आमचे गृहस्थ त्या कारागिराच्या जातकुळीचे होते.

त्यांचें नांव थिओडोर गॉर्डन. जन्म १८५४ सालीं अमेरिकेंतील पिट्सबर्ग येथें. प्रकृति बालपणापासून नाजूक. पुढें न्यूयॉर्क राज्यांतील कॅट्स्किल डोंगरांत, नेव्हरसिंक नदीच्या कांठीं त्यांनीं एकांतवास पत्करिला. विवाह केला नाहीं. ट्राउट मासा गळानें धरणें हा त्यांचा एकच छंद. पण गळास गांडूळ लावावयाचें नाहीं. पिसें, केस व रेशीम आंकड्यावर गुंडाळून त्याची हुबेहूब माशी करावयाची आणि ती पाण्यावर अशी अलगद सोडावयाची, कीं माशानें तिला खरी समजावें.

या विद्येचे त्या काळचे आचार्य इंग्लंडांतील हॅलफर्ड. १८९० सालीं त्यांनीं गॉर्डन यांस पत्रासोबत आपल्या माश्यांचे नमुने धाडिले. परंतु ते इंग्लंडांतील संथ, नितळ प्रवाहांसाठीं केलेले. कॅट्स्किलच्या खळाळत्या पाण्याचा स्वभाव निराळा, तेथील कीटकही निराळे. गॉर्डन यांनीं गुरूस दूषण दिलें नाहीं व त्याचें अंधानुकरणही केलें नाहीं. ते आपल्याच नदीकांठीं बसून तेथील कीटक निरखूं लागले व त्यांबरहुकूम माश्या बांधूं लागले. त्यांतील ‘क्विल गॉर्डन’ ही आजही त्यांच्या नांवानें ओळखली जाते. आमच्या हिवरे बाजारांतही हेंच घडलें. श्री. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर ग्रामस्थांनीं राळेगणसिद्धीचा कित्ता डोळ्यांपुढें ठेविला. पण चर खणले ते आपल्या डोंगरावर, आणि पाण्याचा ताळेबंद मांडला तो आपल्या पावसाचा.

गॉर्डन यांस क्षयानें ग्रासिलें. कॉख यांनीं १८८२ सालीं त्या रोगाचा जंतु दाखविला होता; पण त्यावरील स्ट्रेप्टोमायसिन हातीं आलें १९४३ सालीं. १ मे १९१५ रोजीं गॉर्डन निवर्तले. अखेरच्या वर्षांतही इंग्लंडांतील स्क्यूज यांच्याशीं त्यांचा पत्रव्यवहार चालूच होता, आणि त्यांत विषय नदीचा व माश्यांचा. तीं पत्रें व टिपणें १९४७ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं.

हें वाचतांना आम्हांस आमच्या वडील बंधूंची आठवण झाली व मन खिन्न झालें. दादा रोज पहाटे पाझर तलावाच्या बांधावर जाऊन बसत, पक्षी पाहत व वहींत चार ओळी लिहीत. फुफ्फुसाच्या विकारानें ते अंथरुणास खिळले, तेव्हां डॉक्टरांनीं चालण्यास मनाई केली. मोटारीनें बांधापर्यंत नेण्यास केली नव्हती. परंतु आम्हीं, वहिनींनीं व मुलांनीं एकमतानें ठरविलें, कीं त्यांस विश्रांति हवी. दादांनीं वाद घातला नाहीं. रोज सकाळीं एवढेंच विचारीत, “तलावांत पाणी किती आहे रे?” आम्ही न पाहतांच सांगत असूं, “आहे, आहे, पुष्कळ आहे.”

ते गेल्यावर उशाखालीं वही सांपडली. शेवटच्या अडीच महिन्यांत प्रत्येक तारखेपुढें एकच ओळ होती : “पाणी आहे, असें धाकटा सांगतो.” त्यापैकीं कित्येक दिवस तलाव कोरडा होता. दादांस तें ठाऊक असावें; ‘पाणी आहे’ एवढेंच न लिहितां ‘असें धाकटा सांगतो’ हे शब्द त्यांनीं प्रत्येक वेळीं जोडले होते.

एकत्र कुटुंबांत रोग्याची शुश्रूषा करणारे हात पुष्कळ असतात. आणि त्याच हातांनीं त्याचें जगणें आवरून फळीवर ठेविलें जातें. औषध, पथ्य, विश्रांति यांत आम्हीं कांहीं उणें केलें नाहीं. परंतु मनुष्य ज्यासाठीं पहाटे उठत होता, तें त्याच्या उशाशीं आणून ठेवण्यास कोणत्याही वैद्याची आज्ञा लागत नव्हती.

१९५० नंतरच्या दशकांत न्यूयॉर्क शहराच्या पाण्यासाठीं नेव्हरसिंकवर धरण झालें व गॉर्डन यांचे कांहीं आवडते कांठ जलाशयांत बुडाले. त्यांची माशी मात्र राहिली. दादांची वही आमच्यापाशीं आहे. गेल्या पावसाळ्यापासून आम्ही बांधावर जातों, आणि पाणी डोळ्यांनीं पाहूनच तींत लिहितों.