नायक नसलेला खंड

कात्सुहिरो ओतोमो यांची ‘अकिरा’ ही जपानी चित्रकथा १९८२ ते १९९० या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. तिचे एकूण सहा खंड. तिसऱ्याच्या शेवटी निओ-टोकियो शहर बेचिराख होते आणि नायक कानेदा त्यात नाहीसा होतो. चौथ्या खंडात तो जवळजवळ शेवटपर्यंत दिसतच नाही!

आमच्या वसतिगृहात या खंडावर बहुतेकांची नाराजी. “कथा रेंगाळली,” “नायकच नाही, मग वाचायचे काय?” मला मात्र हाच खंड सर्वांत सरस वाटतो. शहर उडवणे चित्रकाराला एका पानात जमते; उरलेल्यांचे काय झाले हे दाखवायला खंड लागतो. इथे एकीकडे मियाकोचा मठ निराश्रितांना अन्न आणि औषध देतो; दुसरीकडे तेत्सुओची माणसे एका अबोल पोराच्या, अकिराच्या, नावाने साम्राज्य थाटतात. आजारी कियोकोला वाचवायची धडपड केई आणि चियोको करतात. मोटारसायकलवरच्या करामतींपेक्षा ते काम का हलके?

आमच्या गावी उन्हाळ्यात पाण्याचा टँकर येतो. हंडा पुढे कोणाचा, मागे कोणाचा, यावरून गावात सत्ता कोणाची ते कळते. त्यामुळे असेल, मला ही पाने रेंगाळलेली वाटली नाहीत.

एका मित्राने चौथा गाळून सरळ पाचवा धरला. आता रोज रात्री विचारतो, “अरे, ही केई मठात आली कशी?” मी सांगत नाही.