तीर्थनचं गार पाणी
हिमाचलातल्या तीर्थन खोऱ्यात ट्राउटच्या मागे लागलेला माणूस गळाला गांडूळ लावत नाही. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी तो लवचीक काठीने प्रवाहावर अलगद उतरवतो. ती जरा जरी ओढल्यासारखी वाहिली, तरी मासा तोंड फिरवतो. हा ब्राउन ट्राउट मूळचा युरोपातला, इंग्रजांच्या काळात इथे आणून सोडलेला. रुजला तो बर्फाच्या पाण्यामुळे. पाणी गार, तेवढा त्यात प्राणवायू जास्त. ते २० अंशांच्या वर गेलं की ट्राउटचा जीव कासावीस होतो. थंडीत मादी शेपटीने गोटे सारून खळगा करते, अंडी घालते आणि वर खडी लोटते. त्या खडीतून पाणी खेळतं राहायलाच हवं. रस्त्याचा राडारोडा नदीत ढकलला, की गाळ बसून अंडी गुदमरतात. अंडी घालण्याचा हा काळ, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउट धरायला बंदी असते. जलविद्युत प्रकल्पांचं संकट तर खोऱ्यातल्या लोकांनी कोर्टकचेऱ्या करून परतवलं. केवढं मोठं काम हे! वरच्या अंगाचं ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान २०१४ पासून जागतिक वारसा आहे. खाली काठावर मात्र पर्यटकांसाठी खोल्या वाढताहेत. त्यांच्या सांडपाण्याची सोय आधी व्हावी, खोल्या मागाहून.