मसला विचारला, डॉक्टरला कधी विचारणार?

आमच्या नात्यातल्या एका मुलीला दिवस गेले होते. सातवा आठवडा चालू होता. एका पहाटे फज्रच्या वेळी तिला कपड्यावर तपकिरी डाग दिसला. तिने सासूला सांगितलं, सासूने मुलाला सांगितलं आणि मुलगा मशिदीत जाऊन मौलानांना विचारून आला, की हे हैज की इस्तिहाजा? नमाज माफ की पढायची? उत्तर अर्ध्या तासात मिळालं. डॉक्टरकडे मात्र ती तिसऱ्या दिवशी पोचली, तीही मोरीत चक्कर येऊन पडल्यावर. गर्भ गर्भाशयात नव्हताच, नलिकेत राहिला होता आणि नलिका फुटली होती. अल्लाहच्या मेहरबानीने ती वाचली. एक नलिका मात्र काढावी लागली.

मौलानांनी चुकीचं सांगितलं असं माझं म्हणणं नाही. त्यांना जे विचारलं, ते त्यांनी सांगितलं. माझा सवाल आहे की त्या दिवशी त्या घरात एकच प्रश्न का विचारला गेला?

हनफी मसलकात गरोदरपणातलं रक्त हैज धरत नाहीत. तो इस्तिहाजा, नमाज चालू ठेवायची. कोकणातले आपले लोक बहुतेक शाफई. त्यांच्याकडे ते हैजही ठरू शकतं. हा मतभेद शेकडो वर्षांचा आहे आणि तो असू द्या. पण ही दोन्ही उत्तरं इबादतीची आहेत. रक्त कुठून येतंय, बाईच्या जिवाला धोका आहे का, हे त्यातलं एकही सांगत नाही. आपल्या घरांत मात्र 'कुछ नहीं, इस्तिहाजा है' असं म्हणतात आणि कामाला लागतात. फिकहमधला शब्द आपण आजाराचं निदान करून टाकला.

धर्माने तोंड बंद ठेवायला सांगितलंय म्हणावं, तर तेही नाही. फातिमा बिन्त अबी हुबैश यांचं रक्त थांबत नव्हतं. त्या स्वतः पैगंबरांकडे (स.) गेल्या आणि उघड विचारलं. हे पाळीचं नाही, रगेतलं रक्त आहे, असा खुलासा त्यांना मिळाला. कोणी त्यांना बेशरम म्हटलं नाही. इलाज करा, ही शिकवणही हदीसमध्येच आहे. मग चौदाशे वर्षांनंतर आपल्या सुनेला नवऱ्याशी बोलतानाही मान खाली का घालावी लागते?

आता सरळ माहिती घ्या. पहिल्या ३ महिन्यांत दर ४ गरोदर बायकांपैकी साधारण एकीला थोडंफार रक्त दिसतं. त्यातल्या बऱ्याच जणींचं बाळ नीट वाढतं. या दिवसांत गर्भाशयाचं तोंड नाजूक झालेलं असतं, संबंधानंतरही डाग पडू शकतो. म्हणून डाग दिसला की रडारड नको. पण हा डाग साधा की गर्भपाताची सुरुवात की नलिकेतला गर्भ, हे घरात बसून आईला, सासूला, दाईला, कोणालाच कळत नाही. नलिकेतल्या गर्भात बाहेर जेमतेम डाग दिसतो आणि पोटात रक्त साचत जातं. 'थोडंच तर आहे' या वाक्यावर म्हणूनच विसंबू नका.

डाग आहे, दुखत नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा आणि ते सांगतील तेव्हा तपासून घ्या. फार लवकर केलेल्या सोनोग्राफीत कधी काहीच दिसत नाही. त्याचा अर्थ सगळं ठीक आहे असा नव्हे. रक्ततपासणी किंवा दुसरी सोनोग्राफी सांगितली तर ती चुकवू नका. रक्तगट निगेटिव्ह असेल तर आवर्जून सांगा. अँटी-डी इंजेक्शन लागलंच तर ते ७२ तासांच्या आत घ्यायचं असतं.

आणि ओटीपोटात जोराची कळ, विशेषतः एका बाजूला, खांद्याच्या टोकाला दुखणं, चक्कर, घेरी, तासाला दोन पॅड भिजतील इतकं अंगावरून जाणं, ताप, घाण वास, यांतलं काहीही असेल तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईच्या तपासण्या, औषधं, रक्त आणि वाहन जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहेत. तो तिचा हक्क आहे.

'लेडी डॉक्टर नाही' हे कारण मी फार ऐकलंय. लेडी डॉक्टर मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली तर जीव वाचवण्याच्या गरजेपुढे पडद्याची अट सैल होते, हे कोणताही जाणता आलिम सांगेल. 'नजर लागली' म्हणून तावीज बांधायचा तर रिक्षात बसून बांधा. आणि 'तिने वजन उचललं, ती माहेरी गेली, म्हणून हमल गेला' हे बोलणं तर बंदच करा. सुरुवातीच्या गर्भपातांपैकी जवळपास निम्मे गर्भातल्या गुणसूत्रांच्या दोषामुळे होतात. त्यात सुनेचा गुन्हा नसतो. नुसतं पलंगावर पडून राहिल्याने ते थांबतात याला आधारही नाही.

डॉक्टरांनाही दोन शब्द ऐकवायचे आहेत. बुरखा बघितला की 'कितवं?' असं खोचक विचारणारे दवाखाने आहेत. तिथून अपमान घेऊन आलेली बाई पुढच्या वेळी डाग लपवते, ही जबाबदारी त्यांचीही आहे. आणि हे वाचून 'मुसलमान असेच' म्हणणाऱ्यांनी आपल्या घरातल्या बायकांना एकदा विचारावं, पहिला डाग त्यांनी किती दिवस लपवला होता.

पण आपल्या घराचा हिशोब आपणच द्यायचा आहे. आपण पुरुष याला बायकांचा मामला म्हणतो, पण पैसे आपल्या खिशात, गाडीची चावी आपल्याकडे आणि 'जा' म्हणायचा अधिकारही आपल्याकडेच. असं असेल तर हा मामला आपलाच आहे.

इमामसाहेबांना माझी एकच विनंती आहे. पुढच्या वेळी कोणी हा मसला विचारायला आला, तर मसला जरूर सांगा. आणि त्याच दमात सांगा, 'आधी बायकोला दवाखान्यात ने.'