जोडीत अहंकाराला जागा नसते

१९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये लिअँडर पेसने एकेरीत कांस्यपदक पटकावले. खाशाबा जाधव यांच्या १९५२मधील कांस्यपदकानंतर भारताला वैयक्तिक पदकासाठी ४४ वर्षे वाट पाहावी लागली होती. पुढे पेसचे कर्तृत्व दुहेरीत बहरले. १९९९मध्ये महेश भूपतीसह त्याने चारही ग्रँड स्लॅम स्पर्धांची अंतिम फेरी गाठली. त्यांपैकी फ्रेंच ओपन आणि विम्बल्डन जिंकली. पुरुष दुहेरीत ८ आणि मिश्र दुहेरीत १० ग्रँड स्लॅम विजेतेपदे त्याच्या नावावर आहेत. मग ऑलिंपिकमध्ये दुहेरीचे पदक का नाही?

२००४मध्ये अथेन्सला पेस-भूपतींचे कांस्य निर्णायक सेटमध्ये १४-१६ असे हुकले. तो पराभव लढून पत्करलेला होता. लाज वाटावी ती २०१२च्या लंडनची. भूपती आणि रोहन बोपण्णा यांनी पेससह खेळण्यास नकार दिला. टेनिस महासंघाने कणखरपणा दाखविण्याऐवजी दोन जोड्या पाठवून मनधरणी केली. दोन्ही दुसऱ्या फेरीतच गारद झाल्या. बंदीचा बडगा उगारला तो ऑलिंपिक संपल्यावर!

जोडीदार निवडणे हा व्यावसायिक खेळाडूचा हक्क आहे, असा युक्तिवाद केला जातो. व्यावसायिक स्पर्धांत तो जरूर बजावावा. छातीवर तिरंगा असताना मात्र निवड देशाची असते. गुणवत्तेची वाण या समाजाला कधीच नव्हती. उणीव राहिली ती एकदिलाने उभे राहण्याची. इतिहासाने शिकविलेला हा धडा टेनिस कोर्टवरही गिरवावा लागावा, याहून मोठे दुर्दैव कोणते?