साक्षीदार घरातच असतात

मार्च 2017 मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठची जमीन पोलिसांनी उकरली, तेव्हा प्लास्टिकच्या पिशव्यांतून 19 गर्भांचे अवशेष बाहेर आले. तासगाव तालुक्यातल्या मणेराजुरीची एक विवाहिता गर्भपातात दगावली, म्हणून ही जागा सापडली. ती वाचली असती तर पिशव्या तिथंच राहिल्या असत्या. गर्भपात जिथं झाला तो दवाखाना चालवणारा होमिओपॅथीचा डॉक्टर होता आणि तपासाचे धागे कर्नाटकच्या सीमेपलीकडे कागवाड, विजापूरपर्यंत गेले.

तेव्हा सांगली-मिरजेपासून साताऱ्यापर्यंत टपरीटपरीवर एकच बोलणं होतं, "असल्यांना फाशीच पायजे." राग खरा होता. पण रागाच्या भरात आपण एक हिशेब सोईनं सोडून दिला. 19 गर्भ म्हणजे जवळपास तितकीच घरं. डॉक्टर कुणाच्या दारात आला नव्हता, माणसंच त्याच्याकडे गेली होती. कुणीतरी गाडी ठरवली, कुणीतरी पैसे मोजले, "आता तरी मुलगा होऊ दे" म्हणून कुणीतरी सुनेच्या मागे लागलं. चार दिवसांनी ती रिकाम्या कुशीनं परत आली, तेव्हा शेजारणीला कळलं नसेल का? कळलं असणार. आपल्याकडे कुणाच्या दावणीला नवी म्हैस आली तरी संध्याकाळपर्यंत गावभर होतं.

कायदा कमी पडतो असं मला वाटत नाही. लिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राचाच, 1988 चा. केंद्राचा 1994 साली आला आणि 2003 मध्ये तो आणखी आवळला गेला. प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीचा एफ फॉर्म भरावा लागतो. गर्भ मुलाचा की मुलीचा हे शब्दांनी, खुणेनं किंवा आणखी कशानंही सांगायचं नाही, असं कायद्यात लिहिलंय. म्हणजे 'पेढे आणा', 'बर्फी आणा' ही सांकेतिक भाषासुद्धा त्यात धरली. शिवाय चाचणी झालीच तर नवऱ्यानं किंवा नातेवाइकांनी बाईवर जबरदस्ती केली असंच कोर्टानं गृहीत धरायचं. कायदा लिहिणाऱ्याला आपलं घर चांगलं ओळखीचं होतं, एवढं मान्य करायला हवं.

अडतं ते पुढं. बैल चोरीला गेला तर मालक चौकीत जातो. इथं पैसे देणारा खूश, घेणारा खूश आणि जिच्यावर अन्याय झाला ती जन्मालाच आलेली नाही. फिर्याद द्यायची कुणी? साताऱ्याच्या अ‍ॅड. वर्षा देशपांडे आणि त्यांच्या लेक लाडकी अभियानानं यावर वाट काढली. गरोदर बाईलाच खोटं गिऱ्हाईक म्हणून सोनोग्राफी केंद्रात पाठवायचं आणि डॉक्टरला पुराव्यानिशी पकडायचं. पोटात बाळ असताना डॉक्टरविरुद्ध साक्ष द्यायला उभ्या राहिलेल्या या बायकांची नावं आपल्याला माहीत नाहीत. जे अख्ख्या गावाला जमत नाही ते त्या एकेकट्या करत होत्या.

"कायद्यानं काय होतंय?" असं म्हणून हात झटकणाऱ्यांनी आकडेही बघावेत. हजार मुलग्यांमागे सहा वर्षांपर्यंतच्या मुली सांगली जिल्ह्यात 2001 साली 851 होत्या, 2011 ला 867 झाल्या. सातारा 878 वरून 895 वर गेला. त्याच दहा वर्षांत राज्याचा आकडा मात्र 913 वरून 894 वर घसरला. म्हणजे धाक आणि पाठपुरावा दोन्ही असले तर थोडं तरी हलतं. पण तरीही सहा वर्षांनी म्हैसाळ झालं.

कारण मुलगी नको हे सोनोग्राफीच्या मशीननं ठरवलेलं नाही. ते ठरतं जमिनीवरून, हुंड्यावरून आणि म्हातारपणी कुणाकडं राहायचं यावरून. 2011 साली सातारा जिल्ह्यात 'नकोशी' नावाच्या मुली शोधून प्रशासनानं समारंभ केला आणि त्यांना नवी नावं दिली. चांगलं केलं. पण दाखल्यावरचं नाव सरकार बदलू शकतं, नाव ठेवताना आजीच्या मनात जे होतं ते नाही.

जमिनीचंच बघा. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा महाराष्ट्रानं 1994 साली दिला, देशानं 2005 मध्ये. आता तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन एक सकाळ बसा. भाऊ जीप घेऊन आलेला असतो, बहिणी ठेवणीतल्या साड्या नेसून आलेल्या असतात, बाँडरायटर हक्कसोडपत्र वाचून दाखवतो आणि "स्वखुशीने" या शब्दाशी कुणी अडखळत नाही. अंगठा, फोटो, सही. मग सगळ्यांना हॉटेलात मिसळ आणि बहिणींना एकेक साडी. बहीण सही करते कारण नाही केली तर दिवाळीला माहेर बंद. लेकीला आम्ही काही देत नाही हे दाखवणारा असा कागद ज्या घरात दर पिढीला होतो, त्या घरात तिसऱ्या मुलीच्या जन्माला पेढे वाटले जातील का?

आता हुंड्याचं बघा. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग 1949 पर्यंत सातारा जिल्ह्यातच होता. याच मुलखात 1943 च्या सुमाराला क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं गावागावांत थोडक्या खर्चातली, हुंड्याविना लग्नं लावली. त्यांना लोक गांधी विवाह म्हणत. हे सगळं गोडीगुलाबीनं झालं असं नव्हे. पायाला पत्री ठोकण्याचं भयही होतं आणि त्याचं कौतुक मला करायचं नाही. पण भयाच्या जोडीला गावाची संमती होती. लग्न साधं केलं म्हणून कुणाची मान खाली जात नव्हती. आज साधं लग्न करणाऱ्यालाच "काय अडचण होती का?" असं विचारतात.

तेव्हा वाचणाऱ्यांना माझं सांगणं आहे. दुसरी मुलगी झालेल्या घरी जाऊन "पुढच्या खेपेला होईल" म्हणू नका; तिथल्या बाईवर त्याच एका वाक्याचं ओझं वर्षभर राहतं. आया-सासवांनो, सूनबाईला तपासणीला दूरच्या गावी, सीमेपलीकडे नेतायत असं कळलं तर विचारा, कशासाठी? ओळखीचा डॉक्टर असलं करतो हे माहीत असेल तर आरोग्य विभागाला कळवा. तक्रार करणाऱ्याचं नाव गुप्त ठेवतात. भावकी दुखावेल, हे मलाही समजतं. दुखावू दे.

आणि भावांनो, या वर्षी वारसनोंदीचा विषय निघाला तर हक्कसोडपत्राचा मसुदा करून घेण्याआधी बहिणीच्या घरी जा. तिला वाटा किती येतो ते गुंठ्यांत सांगा. नवरा, सासू यांना बाहेर बसवा, स्वतःच्या बायकोलाही. मग विचारा, तुला पाहिजे का? ती "नको" म्हणाली तर आणखी एकदा विचारा, कारण पहिलं "नको" आपण तिला लहानपणापासून शिकवलेलं असतं. ती "पाहिजे" म्हणाली तर फेरफाराचा अर्ज तुम्हीच भरा आणि दिवाळीला तिला न्यायला नेहमीसारखेच जा.