ऑल्टगेल्डने कारणं का दिली?

एक मे आला की आपल्याकडे महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन एकाच सुट्टीत साजरे होतात. कामगारांच्या सभेत शिकागोची गोष्ट अजूनही सांगितली जाते. १८८६ सालचा आठ तासांचा लढा, ४ मेच्या रात्री हेमार्केटमध्ये पोलिसांवर पडलेला बॉम्ब, आणि ११ नोव्हेंबर १८८७ रोजी फासावर गेलेले स्पाइस, पार्सन्स, फिशर, एंगेल. इथे वक्त्याचा आवाज चढतो, घोषणा होतात आणि गोष्ट संपते. पण आरोपी आठ होते. पाचव्याने, लिंगने, फाशीच्या आदल्या दिवशी कोठडीतच जीव दिला. फील्डन, श्वाब आणि नीबी हे तिघे जोलिएटच्या तुरुंगात खितपत पडले. २६ जून १८९३ रोजी इलिनॉयच्या गव्हर्नरने त्यांना सोडलं. त्या गव्हर्नरचं, जॉन पीटर ऑल्टगेल्डचं, नाव आपल्या सभांत कुणी घेत नाही. (हा गव्हर्नर म्हणजे आपल्या राजभवनातला राज्यपाल नव्हे. तो लोकांनी निवडून दिलेला असतो आणि आपल्या मुख्यमंत्र्यासारखा राज्य चालवतो.)

त्याच्या स्वतःच्या देशातही त्याचं नाव निघालंच, तर मागे एक ‘पण’ चिकटलेला असतो. माणूस सच्चा होता, पण... मला त्या ‘पण’चाच समाचार घ्यायचा आहे.

सर्वांत जुना आक्षेप सर्वांत पोकळ आहे : तो अराजकवाद्यांचा दोस्त होता. शिकागोच्या मोठ्या वर्तमानपत्राने त्याच्या जर्मन जन्मावर बोट ठेवून त्याचं अमेरिकन असणंच नाकारलं. थिओडोर रूझवेल्टने १८९६ च्या प्रचारात तर त्याला खुनाकडे काणाडोळा करणाऱ्यांत बसवलं. हा माणूस होता कोण? १८४७ मध्ये जर्मनीत जन्मला, तान्हेपणीच ओहायोत आला, सोळाव्या वर्षी लिंकनच्या सैन्यात भरती झाला आणि तिथून आयुष्यभराचं दुखणं घेऊन परतला. रेल्वेच्या कामावर मजुरी केली, शाळामास्तरकी केली, वाचून वाचून वकील झाला, १८७५ मध्ये शिकागोत आला आणि जमिनी व इमारतींच्या व्यवहारात गबर झाला. भर शहरात त्याने सोळा मजल्यांची युनिटी बिल्डिंग उभारली. घरमालक, गुंतवणूकदार, काही वर्षं न्यायाधीश. फाशीच्या वेळी शहरातले अनेक नामवंत दयेची याचना करत होते, तेव्हा हा गप्प होता. असा ‘अराजकवादी’ शोधून सापडायचा नाही.

दुसरा आक्षेप सभ्य लोकांचा आहे, म्हणून जास्त धोक्याचा. ते म्हणतात, सोडलंत ते ठीक. पण एका ओळीत सोडायचं होतं. शिक्षा पुरेशी झाली, दया केली, संपलं. सुटकेचा अर्जही तसाच होता. त्याच्याखाली व्यापारी, बँकवाले, वकील यांच्या हजारो सह्या होत्या आणि त्यांनी दयाच मागितली होती. दया दिली असती तर सगळेच खूश झाले असते. कोर्टाची अब्रू राहिली असती, पोलिसांची राहिली असती, गव्हर्नरची खुर्चीही राहिली असती. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ऑल्टगेल्डने मूठ उघडली. त्याचा युक्तिवाद सरळ होता, आणि मला तरी तो आजही बिनतोड वाटतो : खटला नीट चालला असेल आणि ही माणसं दोषी असतील, तर गव्हर्नरने मध्ये पडण्याचं कारणच नाही. आणि खटला नीट चालला नसेल, तर दयेचा प्रश्न येतो कुठे? जो निर्दोष ठरायला हवा त्याला माफ करणं म्हणजे त्याच्यावरचा डाग कायम ठेवून त्याला दारापर्यंत पोचवणं. म्हणून त्याने खटल्याचे कागद काढले आणि सुमारे अठरा हजार शब्दांचं निवेदन लिहिलं. एखाद्या छोट्या पुस्तकाएवढं.

त्यात काय आहे? ज्युरीची नावं नेहमीप्रमाणे चिठ्ठ्या काढून निवडली गेली नाहीत. ती एका खास बेलिफाने (कोर्टाच्या अंमलदाराने) हुडकून आणली, आणि हे लोक फासावर जाणारच असं हाच बेलिफ बोलल्याचं प्रतिज्ञापत्र आहे. आपलं मत आधीच बनलं आहे असं तोंडाने कबूल करणारेही ज्युरीत चालवून घेतले. बॉम्ब टाकणारा कोण, हे सरकारला सांगता आलं नाही; आजतागायत कुणालाच सांगता आलेलं नाही. मग ज्याचं नाव माहीत नाही त्याला या आठांनी चिथावलं, हे सिद्ध झालं कसं? नीबीविरुद्ध तर पुराव्याच्या नावाने शून्यच. आणि न्यायाधीश गॅरी पक्षपाती वागले.

इथे विरोधकांना एक गोष्ट द्यायला हवी. पोलिसांनी संपकऱ्यांवर केलेल्या लाठीमाराचा सूड म्हणून कुणीतरी एकट्याने बॉम्ब टाकला असावा, असं ऑल्टगेल्डने त्या निवेदनात लिहिलं. तो तर्क होता, त्याला पुरावा नव्हता. पुराव्याशिवाय दोष चिकटवू नका असं न्यायालयाला बजावणाऱ्याने हे लिहायला नको होतं. गॅरींवरही त्याने जरा जास्तच आग पाखडली. वकील क्लॅरन्स डॅरोसारख्या जिवलग चाहत्यालाही ते पटलं नव्हतं. पण शेरा कडवट होता म्हणून निकाल चुकीचा ठरत नाही. ज्युरी कशी निवडली, या प्रश्नाला त्याच्या टीकाकारांनी दिलेलं नीट उत्तर माझ्या तरी वाचनात नाही.

तिसरा आक्षेप पुलमनच्या संपाचा. रेल्वेचे डबे बांधणाऱ्या जॉर्ज पुलमनने १८९३-९४ च्या मंदीत मजुरी सरासरी चतुर्थांशाने कापली, पण त्याच्याच वसाहतीतल्या घरांची भाडी जशीच्या तशी ठेवली. संप पेटला, देशभरच्या गाड्या अडल्या. ४ जुलै १८९४ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंडचं सैन्य शिकागोत उतरलं. गव्हर्नरने ते मागितलं नव्हतं, त्याला कुणी विचारलंही नव्हतं. ॲटर्नी जनरल ऑल्नी हे स्वतः रेल्वे कंपन्यांचे वकील राहिलेले. ऑल्टगेल्डने तारांवर तारा करून निषेध केला आणि ‘दंगलखोरांचा कैवारी’ ही पदवी मिळवली.

कैवारी? राज्यात जिथे जिथे स्थानिक अधिकाऱ्यांनी मदत मागितली, तिथे त्याने राज्याची मिलिशिया पाठवली होती. ६ जुलैला शिकागोच्या महापौरांनी मागितली, तेव्हा तीही धाडली. दुसऱ्याच दिवशी तिच्या गोळ्यांनी माणसं मेली. दंगल चालू द्यायची की मोडायची, यावर वाद नव्हताच. राज्य आपलं काम करायला तयार असताना वरून सैन्य उतरवण्याचा अधिकार कुणाला, हा वाद होता. ‘राज्यांचे हक्क’ हा गुलामांच्या मालकांचाही मंत्र होता, असं कुणी सुनावेल. खरं आहे. पण त्या मालकांविरुद्ध ऑल्टगेल्ड पोरवयात बंदूक घेऊन गेला होता, हेही खरं आहे. ऑगस्टमध्ये तो स्वतः पुलमनच्या वसाहतीत गेला, उपाशी कुटुंबं पाहून आला आणि मालकाला पत्र लिहून मदत मागितली. मालकाने झिडकारलं.

आता ज्यावर कुणी आक्षेपही घेत नाही, कारण कुणाला ते आठवतच नाही, ते सांगतो. ज्या जूनमध्ये माफीचा हुकूम निघाला, त्याच जून १८९३ मध्ये इलिनॉयचा कारखाना कायदा झाला. चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात बंदी, स्त्रियांना आणि अल्पवयीनांना दिवसाला आठ तासांची मर्यादा, आणि तपासायला सरकारी निरीक्षक. मुख्य निरीक्षक म्हणून ऑल्टगेल्डने नेमली ती हल-हाऊस या शिकागोतल्या सेवाकेंद्रात राहणारी फ्लॉरेन्स केली. तिच्या हाताखालच्या निरीक्षकांत निदान पाच बायका हव्यात, असं कायद्यातच होतं. १८९५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कराराच्या स्वातंत्र्याच्या नावाखाली आठ तासांचं कलम उडवलं. तरीही हिशेब पाहा : ज्या मागणीसाठी हेमार्केट घडलं, ती मागणी थोडीशी का होईना, कायद्यात आणणारी सही ऑल्टगेल्डची होती. आपण फास सांगतो, सही सांगत नाही.

१८९५ मध्येच शिकागोच्या ट्रामसम्राट यर्क्सने शहराचे रस्ते ९९ वर्षांसाठी आपल्या पदरात पाडून घेणारी विधेयकं विधिमंडळात मंजूर करून घेतली. ऑल्टगेल्डने ती नाकारली. तेव्हा तो स्वतः युनिटी बिल्डिंगच्या कर्जाखाली बुडत चालला होता, हे लक्षात ठेवून हा नकार मोजा. त्याच्यानंतर आलेल्या टॅनरने १८९७ मध्ये ५० वर्षांचे परवाने देऊ देणाऱ्या कायद्यावर बिनदिक्कत सही केली.

राहता राहिला ‘माफीने तो बुडाला’ हा शेवटचा हुंकार. १८९६ ला तो हरला, हे खरं. पण १८९२ मध्ये जिंकताना त्याला सुमारे सव्वाचार लाख मतं होती, आणि हरताना पावणेपाच लाखांच्या घरात. मतदान खूप वाढलं होतं, त्यामुळे टक्का घसरला. हे लपवायचं कारण नाही. त्या लाटेत त्याचा अख्खा पक्ष वाहून गेला. इलिनॉयमध्ये ऑल्टगेल्डची मतं पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ब्रायन याच्या मतांपेक्षा जास्त भरली. माफीने गाडलेल्या माणसाची ही मतं म्हणायची का?

जानेवारी १८९७ मध्ये नव्या गव्हर्नरच्या शपथविधीत मावळत्याने निरोपाचं भाषण करायची प्रथा होती. ऑल्टगेल्डला ते करू दिलं नाही. पुढे पैसा गेला, प्रकृती गेली, १८९९ ची महापौरपदाची निवडणूकही गेली. डॅरोने त्याला आपल्या वकिलीत भागीदार करून घेतलं. ११ मार्च १९०२ च्या रात्री दक्षिण आफ्रिकेतल्या बोअरांच्या बाजूने तो एका नाट्यगृहात बोलला, तिथेच कोसळला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. ते गाव जोलिएट होतं, त्या तिघांच्या तुरुंगाचं.