विश्लेषण : फुकटच्या मांगाची किंमत कोण मोजते?

जपानमध्ये 'शोनेन जंप' हे साप्ताहिक सोमवारी विक्रीला येते. त्यातील 'वन पीस'चे नवे प्रकरण मात्र अनेकदा त्याच्या दोन-तीन दिवस आधीच इंग्रजीत भाषांतरित होऊन जगभरातील मोबाइलवर पोहोचलेले असते, पुण्या-नागपुरातल्या कॉलेजच्या मुलांच्याही. काही दुकानांत अंक वेळेआधी येतो, तिथे कुणीतरी पाने टिपतो आणि पुढचे काम काही तासांत उरकते. अशीच पाने टिपून पसरवल्याच्या संशयावरून फेब्रुवारी २०२४ मध्ये कुमामोतो पोलिसांनी दोन परदेशी नागरिकांना अटक केली होती. ही पाने वाचणाऱ्यांकडे समर्थन तयार असते : पुस्तके महाग आहेत, भारतात मिळत नाहीत आणि पैसे तसेही कंपनीच खाते. हे समर्थन नीट तपासायला हवे, कारण ते सगळेच खोटे नाही.

'स्कॅनलेशन' म्हणजे काय?

पाने स्कॅन करायची, फुग्यांतला जपानी मजकूर पुसायचा आणि तिथे भाषांतर बसवायचे, याला 'स्कॅनलेशन' म्हणतात. हे सुरू केले ते चाहत्यांनी, हौसेने. बहुसंख्य मांगा इंग्रजीत येतच नव्हते, तेव्हा त्यांना वाचक मिळवून दिला तो याच मंडळींनी. अधिकृत आवृत्ती आली की आपण थांबायचे, असा अलिखित संकेतही अनेक गट पाळत. पुढे हीच पाने गोळा करून जाहिरातींसह दाखवणारी संकेतस्थळे उभी राहिली आणि हौसेचा धंदा झाला. त्या धंद्यातला पैसा ना चित्रकाराकडे गेला, ना रात्र जागून भाषांतर करणाऱ्या मुलाकडे.

नुकसान नेमके किती?

जपानमधील 'मांगामुरा' हे संकेतस्थळ एप्रिल २०१८ मध्ये बंद पडले. त्याने उद्योगाचे सुमारे ३२० अब्ज येनचे नुकसान केले, असा अंदाज तेव्हा सांगितला गेला. हा आकडा जपूनच घ्यावा. तो प्रत्येक फुकट वाचनाला बुडालेली विक्री धरतो. पण फुकटात दहा खंड वाचणारा विकत दहा घेईलच असे नाही. न्यायालयात गोष्ट अधिक काटेकोर झाली. चालकाला २०२१ मध्ये तीन वर्षांचा तुरुंगवास झाला आणि २०२४ मध्ये टोकियोच्या न्यायालयाने तीन प्रकाशकांच्या १७ मालिकांपोटी सुमारे १.७ अब्ज येनची भरपाई देण्याचा आदेश दिला. फुगवलेला आकडा खोडून काढला, तरी उरलेला आकडा असा आहे.

चित्रकाराच्या हाती काय पडते?

खरा प्रश्न इथे आहे. मांगाकाराला साप्ताहिकाकडून पानामागे मानधन मिळते. पार्श्वभूमी आणि बारीक काम करणाऱ्या मदतनिसांचा पगार बहुधा त्याच्याच खिशातून जातो. त्यामुळे पानाच्या मानधनात फारसे काही उरत नाही. चार पैसे सुटतात ते प्रकरणांचे पुस्तक निघाल्यावर. छापील किमतीच्या साधारण दहा टक्के, म्हणजे ५०० येनच्या पुस्तकामागे ५० येन. शिवाय वाचकांची पसंती आणि पुस्तकांचा खप घसरला की मालिका गुंडाळली जाते. चोरून वाचणारा लाखभर वाचक या हिशेबात कुठेच मोजला जात नाही. एखादी आवडती मालिका अचानक संपली म्हणून हळहळणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

'पैसे कंपनी खाते' हा आक्षेप पोकळ नाही. सुपरमॅनचे हक्क जेरी सीगल आणि जो शूस्टर यांच्याकडून १९३८ मध्ये अवघ्या १३० डॉलरना घेतले गेले. दोघांची उतारवयात परवड झाली. १९७५ मध्ये सहकारी कलावंतांच्या आणि वृत्तपत्रांच्या दबावाखाली कंपनीने त्यांना वर्षाला २० हजार डॉलरचे निवृत्तिवेतन आणि श्रेयनाम दिले. कंपनीने लुबाडले हे खरे. पण म्हणून वाचकानेही पैसे न देणे ही लुबाडलेल्याच्या बाजूने घेतलेली भूमिका कशी होते, हे मला आजवर कुणी पटवून दिलेले नाही.

उलट बाजूचे उदाहरणही आहे. शुहो सातो या मांगाकाराने प्रकाशन व्यवहारातील जमाखर्च उघड मांडला आणि २०१२ मध्ये आपली 'से हॅलो टू ब्लॅक जॅक' ही गाजलेली मालिका कुणीही मोफत वापरावी, अशी मुभा दिली. फुकट देण्याचा निर्णय त्याचा होता. दुसऱ्याने त्याच्या वतीने तो घेणे आणि त्याने स्वतः घेणे यात अंतर आहे.

भारतात काय?

परदेशी साहित्यालाही आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे संरक्षण आहे आणि भाषांतराचा हक्कही मूळ हक्कधारकाचाच. जाणूनबुजून उल्लंघन केल्यास सहा महिने ते तीन वर्षे कैदेची तरतूद आहे. पण कायद्यापेक्षा किमतीचे बोलू. छापील खंड चारशे-पाचशे रुपयांना धरला तर 'वन पीस'च्या शंभराहून अधिक खंडांना ४० हजारांहून अधिक लागतात. विद्यार्थ्याला हे परवडणार नाही, हे उघड आहे. मात्र २०१९ पासून 'मांगा प्लस'वर चालू मालिकांची पहिली तीन आणि ताजी तीन प्रकरणे जपानसोबतच मोफत वाचता येतात. 'शोनेन जंप'च्या इंग्रजी अ‍ॅपचे महिन्याचे शुल्कही एका छापील खंडाहून कमी आहे. म्हणजे 'वन पीस' चोरून वाचणाऱ्याकडे आता घाईखेरीज कारण उरलेले नाही. जी मालिका इंग्रजीत कधी आलीच नाही आणि येण्याची चिन्हेही नाहीत, तिच्या वाचकाला मात्र मी त्याच पंगतीत बसवणार नाही.

मराठी वाचकाला हे नवे नाही. १९६४ मध्ये सुरू झालेल्या 'इंद्रजाल कॉमिक्स'मधून ली फॉकचा फँटम मराठीत 'वेताळ' होऊन आला, रीतसर परवानगीने आणि मुलांच्या खाऊच्या पैशांत मावेल अशा किमतीत. ते प्रकाशन १९९० मध्ये थांबले. 'मांगा प्लस'वर आज स्पॅनिश, थाई, व्हिएतनामी, इंडोनेशियन अशा भाषा निवडता येतात. त्या यादीत मराठी नाही.